वजिराबादेतला घड्याळजी सांगतो

रविवारी सकाळी साडेसातला मी शटर अर्धंच उघडतो.
अर्ध्या शटराखाली मी, इसाकभाई आणि त्याचा फोन.
फोनात जाळीचा आठ कोनांचा पिंजरा,
पिंजऱ्यात दोन उघडी माणसं.

इसाकभाई म्हणतो, लाल चड्डीवाला.
मी म्हणतो, निळा. लालचा पुढचा पाय बघ,
जड पडायलाय, दुसऱ्या राउंडात बसंल.
दुसऱ्या राउंडात निळा बसला.
माझं मत तरी बदललं नाही.
निळाच चांगला होता, फक्त हरला.

माझं म्हणणं असंय:
पाच मिनिटं हा फार मोठा वेळ आहे.
लोकांना कळत नाही. मी दिवसभर तोच उघडून बघतो.
माळेगावच्या जत्रेत कुस्त्या बघितल्यात मी,
नारळाच्या कुस्तीपासून चांदीच्या कड्यापर्यंत.
तिथं पाठ टेकली की हलगी थांबते,
इथं पाठ टेकल्यावर खरी सुरू होते.
आमच्या मामाचा हात मोडला एका फडात,
त्यानं 'बास' म्हटलं नाही. गाव अजून कौतुक करतं.
हात अजून वाकडाय. जेवताना दिसतो.
म्हणून मला थाप मारणारा आवडतो.
गळा आवळला की समोरच्याच्या दंडावर तीनदा थाप,
दुपारी शेजाऱ्याचं दार वाजवावं तशी, हळू.
इसाकभाई म्हणतो, भित्रा.
मी म्हणतो, पुढल्या साली हा परत उतरंल.
मामा कुठं उतरला?

साडेनऊला पिंजरा बंद. मग मैदान.
आमच्याकडं हॉकी आहे म्हटलं की लातूरवाले हसतात.
हसू द्या. त्यांच्याकडं क्लासेस आहेत.
आमच्याकडं मुरमाचं ग्राउंड,
खड्यावर आपटून कुठंही जाणारा चेंडू
आणि कुठंही जाणारी पोरं.
बावीस वर्षं मी कंपाउंडच्या भिंतीवर बसून सांगतोय
कोण पुढं जाईल.
जगजीत जाईल म्हटलं, तो पोलिसात गेला.
वाघमाऱ्याचा धाकटा जाईल म्हटलं,
तो रेल्वेत लागला, पूर्णेला, तिकिटं तपासतो.
भरल्या डब्यात डाव्या अंगानं अशी वाट काढतो
की बघत राहावं.
माझे अंदाज चुकले नाहीत.
पुढं म्हणजे कुठं, एवढंच कुणी ठरवलं नव्हतं.

यंदा तिघं आहेत.
सोहेल. वेग आहे, पण स्टिककडं बघत पळतो, मान वर येत नाही.
कंधारचा गुट्टे. पेनल्टी कॉर्नरला मनगट सोन्याचं,
पण उन्हात चिडतो,
आणि आपल्याकडं ऊन सोडून आहे काय.
आणि गोलात संघमित्रा सोनकांबळे,
दादाचे पॅड, सायकलच्या ट्यूबनं बांधलेले.
चेंडू सुटायच्या आधी ती अर्धं पाऊल डावीकडं सरकते.
मारणाऱ्याला वाटतं, उजवी बाजू मोकळीय.
मोकळी नसते.
हे मी कुणाला सांगितलं नाही, इसाकभाईलासुद्धा.
चांगलं काही दिसलं की माणूस थोडे दिवस कंजूष होतो.

बुधवारी ती दुकानात आली, पुण्याची निवड चाचणी देऊन.
तिथं निळं टर्फ, पाणी मारलेलं.
म्हणाली, चेंडू यायलाय म्हणेपर्यंत आलेला असतो.
सात गोल खाल्ले.
घड्याळ काउंटरवर ठेवलं, बंद पडलंय म्हणाली.
मग, काका, तुम्ही समदं बघता.
थांबू का?

बावीस वर्षांत मला कुणी विचारलं नव्हतं,
मीच सांगायचो.
मी डोळ्याला भिंग लावलं.
भिंगातून चाकं दिसतात, माणूस दिसत नाही,
एवढी एक सोय आहे आमच्या धंद्यात.
सेल बदलला. काटा जागच्या जागी थरथरला, मग लागला चालायला.
साठ रुपये, म्हणालो.
फुकट दिलं असतं, पण मग
ती हरली असं मला वाटतंय
हे तिला कळलं असतं.
तिनं मोजून दिले. दहाची एक नोट फाटकी होती.
घेतली.

येत्या रविवारी इसाकभाई म्हणतो, उंच ब्राझीलवाला.
मी अजून काही बोललो नाही.
आधी पाय बघू दे.